अकरा मीटर चाळीस

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, पार्से गावच्या रोयणवाडा नावाच्या वस्तीवर सगुण पोळजी हा सगळ्यांत सरळ माणूस, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. खुद्द सगुणचे तर मुळीच नव्हते. मोजणीच्या ऑफिसात त्याने तेहतीस वर्षे चेनमन म्हणून काढली. साहेब एक डोळा मिटून दुर्बिणीत बघत असतात तेव्हा काट्याकुट्यांतून, चिखलातून आणि लोकांच्या शिव्यांतून साखळी ओढत नेतो तो चेनमन. नकाशावर सही साहेबांची, पायात काटा सगुणच्या. पण निवृत्त झाल्यावर साहेब लोक पणजी-पर्वरीला फ्लॅट घेऊन विसरले गेले आणि सगुण मात्र वाड्यावरचे हायकोर्ट झाला.

त्याचे पाऊल पाऊण मीटरचे होते. कमी नाही, जास्त नाही. सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की तो उंडे घ्यायला जायचा आणि परत येऊन बायकोला, म्हणजे प्रभावतीला सांगायचा, "आज सायकल दोनशे बारा पावलांर उभी केल्यान. काल दोनशे पाचार होती." प्रभावती उंडे मोजून घ्यायची आणि पावले सोडून द्यायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढे कळले होते की या माणसाला रस्ता दिसत नाही, रस्त्याची लांबी दिसते.

दोन भावांत फणसावरून नाहीतर गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, तंटा झाला की सगुणला बोलावणे यायचे. तो यायचा, टोपी काढायचा, सूर्य कुठे आहे ते बघायचा, पावले टाकायचा आणि कुठल्यातरी जुन्या दगडावर हात ठेवून म्हणायचा, "मनीस फट मारता, दगड मारिना." फट म्हणजे खोटे. एवढे बोलून तो बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि तंटा तिथेच संपायचा. समोरच्याला पटले म्हणून नव्हे. सगुणने एकदा दगडावर हात ठेवल्यावर पुढे बोलणे म्हणजे देवळात उभे राहून पुजाऱ्याला मंत्र शिकवणे, असे लोकांना वाटे.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच खोटे बोलला होता, तेही एका शब्दाचे. पण बोलला तो नेमका दगडाबद्दल.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. गोवा राज्य होऊन वर्ष होत आले होते. तिंट्यावर, म्हणजे तिठ्यावर, मराठी की कोकणी यावरून रोज संध्याकाळी भांडण पेटायचे, आणि भांडणारे दोघेही ज्या बोलीत भांडायचे ती दोन्ही पक्षांच्या पुस्तकांत नव्हती. नव्या राज्यात सगळ्या ऑफिसांना घाई सुटली होती. रोयणवाड्यावरच्या त्रेचाळीस मुंडकारांना, म्हणजे भाटकार जमीनदाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्यांना, आपापल्या घराची जमीन नावावर करून द्यायची होती. त्यासाठी वाडा मोजायचा, आणि वाडा मोजायचा तर आधी एक मूळ दगड बसवायचा, ज्याच्यापासून बाकी सगळे धरायचे. त्याची जागा कागदावर ठरलेली होती. पोर्तुगीज काळातल्या तीन खुणांपासून तीन अंतरे दिलेली. ती जिथे एकमेकांना मिळतील तिथे दगड. साहेबांचा पाय मुरगळला होता म्हणून ते खाली जीपमध्ये बसले, आणि सगुण सिमेंटचा दगड खांद्यावर घेऊन एकटाच चढण चढला.

तीन अंतरे मिळाली ती बरोबर रोयणीवर. रोयण म्हणजे वारूळ, आणि आमच्याकडे वारूळ म्हणजे सातेरी देवी. कमरेएवढी तांबडी रोयण, तिच्यावर हळदकुंकू, अबोलीचा ताजा वळेसर, म्हणजे गजरा. तिच्यावर पहार घालणारा हात पेडण्यात अजून जन्मायचा आहे. सगुणने हात जोडले, मग फीत काढली, सरळ पूर्वेला गेला आणि पहिली कठीण जमीन लागली तिथे दगड बसवला. अंतर भरले अकरा मीटर चाळीस सेंटीमीटर. साहेबांना सांगू, साहेब कागदावर तेवढे लिहितील, की सगळे बरोबर. विचार सरळच होता.

खाली आला तर साहेब सुजलेला पाय धरून कण्हत होते.

"बसवला?"

"बसयलो."

"जागेवर?"

आता रोयण, सातेरी, अबोली आणि अकरा मीटर चाळीस हे सगळे दुपारच्या उन्हात दुखऱ्या पायाच्या माणसाला कसे सांगायचे? तो म्हणणार, काढ ती माती. आपण म्हणणार, नाही काढणार. मग अहवाल, मग पणजी, मग त्रेचाळीस घरांचे काम आणखी दोन वर्षे लांबणार. "जाग्यार," सगुण म्हणाला. खरे ते उद्या सांगू, असे त्याने मनाशी ठरवले.

उद्या साहेब रजेवर गेले, आठवड्याने त्यांची बदली झाली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच लोकांनी येऊन त्या दगडावरून वाडा मोजला. घरे, गडगे, विहिरी, सगळे एकमेकांपासून बरोबर अंतरावर. फक्त कागदावर अख्खा वाडाच्या वाडा अकरा मीटर चाळीस पश्चिमेला सरकून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कळायला कुणीतरी आभाळातून बघायला हवे होते, आणि आभाळातून कोण बघतो?

पण सगुणचे सरळपण त्याला स्वस्थ बसू देईना. दरवर्षी माघात सातेरीची जत्रा असते. घरचा नारळ ठेवून झाला की तो स्वतःचा वेगळा नारळ ठेवी आणि ओठांतल्या ओठांत गाऱ्हाणे घाली. लोक गाऱ्हाण्यात पीक मागतात, मुलाला नोकरी मागतात. सगुण म्हणे, "आवशी सातेरी, दगड तुज्या उदेंतेक असा. अकरा मीटर चाळीस. तुका म्हायत असा आनी माका म्हायत असा." उदेंत म्हणजे पूर्व. मागे उभ्या असलेल्या प्रभावतीच्या कानावर नुसते मीटर-मीटर पडे आणि ती शेजारणीला सांगे, "हेंनी देवीकय सोडूक नाय. तिकाय मापतत."

सव्वीस जत्रा अशा गेल्या. त्यानंतर अंकिता गावस आली.

अंकिता डिचोलीची. बाप खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यापासून ट्रक दारात उभा होता आणि घर मुलीच्या मोजणीवर चालले होते. वय सव्वीस, म्हणजे दगडाएवढेच. जुने नकाशे उपग्रहाने तपासून घ्यायचे काम तिच्या कंपनीला मिळाले होते. पलीकडचे दोन वाडे ती तपासून आली होती आणि तिथे सगळे चोख जुळले होते. तिच्याबरोबरचा माणूस तापाने पडला होता, म्हणून यंत्राची काठी धरायला वाड्यावर कुणी आहे का, असे तिने विचारले. वाड्याने एका आवाजात सगुणचे नाव सांगितले. सगुण नको म्हणाला असता तर लोकांना आश्चर्य वाटले असते, आणि लोकांना आश्चर्य वाटणे या वेळी त्याला परवडणारे नव्हते.

पहिल्या दिवशी तिने दोन पांढरे डबे काढले. एक तिवईवर बसवला, दुसरा काठीवर. "काका, हो बेस. हो एकेच जाग्यार बसता. आनी हो रोव्हर, हो भोंवता. भोंवता तो खंय आसा तें बसता तो सांगता."

फिरतो तो कुठे आहे ते बसतो तो सांगतो, हे सगुणने घरी जाऊन प्रभावतीला समजावून सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "ह्या शिकूक उपग्रह कित्याक होयो?" ती म्हणाली. "ह्या घरात चाळीस वर्सां तशाच चलला."

सगुणने जुनी एक डायरी काढली आणि तिच्यात शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली. उपग्रह नेमके काय करतात, असे त्याने विचारले. अंकिता म्हणाली, ते फक्त आपल्यापासूनचे अंतर सांगतात. अशी चार-पाच अंतरे जिथे मिळतात तिथे आपण असतो.  "म्हणजे ही आमचीच साखळी," सगुण म्हणाला. "वयर टांगल्यानी म्हणून नवी जाली?" अंकिता हसली आणि म्हणाली, "साखळीच, काका. लांब आसा इतलेंच." पोरगी खरे बोलते आहे हे बघून सगुणला ती आवडली, आणि तिची भीतीही वाटू लागली.

यंत्र सुरू झाल्यावर बराच वेळ नुसते बसून राही. अंकिताने सांगितले, कुठला उपग्रह कधी कुठे असेल याचा तक्ता त्याच्याजवळ असावा लागतो, तो जुना झाला की त्याला शोधाशोध करावी लागते. त्या तक्त्याला आल्मनाक म्हणतात. "पंचांग," सगुण म्हणाला. "पंचांगच," अंकिता म्हणाली. एवढे मोठे यंत्र, पण पंचांग बघितल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, ही गोष्ट त्याने त्या दिवशी चार घरी सांगितली.

तिसऱ्या दिवशी दोघे मूळ दगडाशी आले. हा दगड आता वत्सलाच्या परसात, गडग्याच्या कोपऱ्याला होता. वत्सला ही कृष्णनाथची विधवा. कृष्णनाथ मुंडकारांसाठी भांडणाऱ्यांत पहिला. आवाज मोठा, मन त्याहून मोठे. याच परसात त्याने स्वतःच्या हातांनी विहीर खणली होती आणि चार वर्षांपूर्वी तो वारला होता. दगडाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर रोयण होती. आता तिच्यावर गावाने घुमटी बांधली होती.

सगुणने काठी दगडाच्या मधोमध धरली. काठीतला बुडबुडा जागचा हलला नाही. तेहतीस वर्षांची सवय होती. अंकिताने हातातल्या पडद्यावर बघितले, मग पुन्हा बघितले.

"काका, हो दगड चुकीच्या जाग्यार आसा. अकरा मीटर त्रेचाळीस."

चाळीस, सगुण मनात म्हणाला, आणि लगेच त्याने स्वतःलाच दटावून गप्प केले.

तिने आख्खा वाडा पडद्यावर बसवून बघितला. कागदावरचे प्रत्येक घर जमिनीवरच्या घराच्या पश्चिमेला पडत होते. वाड्याची पूर्वेची सीमा वत्सलाच्या स्वयंपाकघरातून, चुलीच्या बरोबर अलीकडून जात होती. चूल, मोरी आणि कृष्णनाथची विहीर पलीकडच्या काजूबागेत गेली होती, आणि ती बाग नुकतीच बाहेरच्या कुणीतरी विकत घेतली होती. नियम असा की कागद आणि जमीन यांत भांडण झाले तर कागद खरा. जमिनीला सही करता येत नाही, त्यामुळे तिचे कोण ऐकणार?

"पूण यंत्रय चुकता," अंकिता म्हणाली. "पयलीं तें पळोवया."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. अंकिताने त्यानंतरचे दोन दिवस सगुणला काड्यांची मोळीच दिली. पहिली काडी फ्लोट. यंत्राची खात्री नसली की त्याचे उत्तर तरंगत राहते, तो फ्लोट. खात्री पटली की फिक्स. सगुण तासभर फ्लोट फ्लोट म्हणत बसला, पण पडद्यावर फिक्स आले आणि आकडा तोच राहिला. दुसरी काडी होती मल्टिपाथ, आणि ही त्याला फार आवडली. उपग्रहाचा संदेश सरळ न येता पत्र्यावर, भिंतीवर आपटून येतो, वाट लांबते आणि यंत्र फसते. वत्सलाच्या गोठ्यावर पत्रे होतेच.

"मल्टिपाथान कितलो फरक पडता?" त्याने विचारले.

"पडल्यार मीटरभर."

"पत्रे बरेच मोठे असत," सगुण म्हणाला.

त्या संध्याकाळी प्रभावतीने त्याला तीन हाका मारल्या तरी तो डायरीतून उठला नाही. चौथ्या हाकेला म्हणाला, "तुजो आवाज गडग्यार आपटून येता. मल्टिपाथ." प्रभावती म्हणाली, "माजो आवाज सरळ येता. कान तुमचो वाकडो." दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर उशिरा आला तोही मल्टिपाथ, आणि चहा पांचट झाला तोही मल्टिपाथ. वाड्याला गंमत वाटली. हा माणूस हा एक शब्द छातीशी का धरून बसला आहे, हे कुणाला कळणार होते?

अंकिताने काठी पत्र्यांपासून लांब नेऊन दगडाची जागा दुसऱ्या वाटेने काढली. आकडा तोच. मग तिने सांगितले, सगळे उपग्रह आभाळाच्या एकाच बाजूला गोळा झाले तर उत्तर सैल येते; सगळे साक्षीदार एकाच घरचे असले तर कोर्टाला खरे कळत नाही, तसेच. सगुणला साक्षीदारांचा हा दोष एकदम पटला. दोन तास थांबून आभाळभर उपग्रह पांगले तेव्हा पुन्हा मोजले. साक्षीदार चारी दिशांचे होते, साक्ष एकच निघाली. शेवटी राहिला डेटम. जुन्या नकाशावाल्यांनी धरलेली पृथ्वी वेगळी, आताच्यांनी धरलेली वेगळी, त्यामुळे जागा सरकतात. पृथ्वीच दोन निघाल्यावर सगुणला इतका हुरूप आला की त्याने अंकिताला स्वतःहून नारळ फोडून दिला. पण पृथ्वी वेगळी असती तर पलीकडचे दोन वाडेही सरकले असते, आणि ते तसूभरही हलले नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी अंकिता दगडाशेजारी बसली, बाटलीतले पाणी प्यायली आणि तिने यंत्र बंद केले. वत्सला चहा घेऊन बाहेर आली होती. गडग्यापलीकडे वाड्यावरची पाच-सहा माणसे उभी होती. स्वयंपाकघरातून सीमा गेल्याची बातमी काही लपण्यासारखी नव्हती.

"यंत्र बरोबर आसा," अंकिता खालच्या आवाजात म्हणाली. "एकच उरता. दगड बसयलो आनी म्हयन्यान मापणी जाली. त्या मदीं कोणे तरी तो उपटून हांगा हाडला."

हांगा हाडला, म्हणजे इथे वत्सलाच्या परसात आणला. तिने नाव घेतले नाही, घ्यायची गरजही नव्हती. त्या काळात दगडाच्या सर्वांत जवळ राहणारा आणि जमिनीसाठी सर्वांत मोठ्याने भांडणारा माणूस एकच होता. गडग्यापलीकडे कुणीतरी खाकरले. लोकांनी दगड हलवला असे अहवालात आले की कागदाला धक्का लागत नाही. कागद खरा ठरणार, आणि चूल विहिरीसकट काजूबागेत जाणार होती.

 चहाचा ट्रे खाली ठेवून वत्सला सगुणकडे वळली. "भावजी, दगड तुमी बसयलात. तुमचा उतर ह्या वाड्यार कोण मोडना. हेंका सांगा, माज्या घोवान दगड हालयलो?"

सगुणच्या डायरीत अजून एक शब्द शिल्लक होता. आयनोस्फिअर. आभाळाच्या वरच्या थरात संदेश रेंगाळतो, म्हणून अंतर चुकते. अंकितानेच पहिल्या दिवशी सांगितले होते आणि अजून तो तपासायचा राहिला होता. या शब्दावर आणखी एक दिवस निघाला असता. कदाचित दोन. त्याने डायरीचे पान उलटलेही. मग त्याची नजर विहिरीकडे गेली. विहिरीच्या काठाचा चिरा कृष्णनाथने बसवला तेव्हा ओळंबा धरायला सगुणच होता. विहिरीला पाणी लागले त्या दिवशी पहिला तांब्या कृष्णनाथने त्याच्या हातात दिला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, सगुणान जागा दाखयली म्हणून पाणी मेळला. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, आणि आपण त्याच्याआड लपायला निघालो आहोत, हे सगुणला त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की त्याला स्वतःची किळस आली.

त्याने डायरी मिटली.

"दगड कोणी हालवक नाय," तो म्हणाला. "मी बसयलो थंयच असा. मीच चुकीच्या जाग्यार बसयलो. साहेबान इचारल्यान, जाग्यार? मी सांगलंय, जाग्यार. फट मारलंय."

मग त्याने सगळे सांगितले. रोयण, अबोली, साहेबांचा पाय, उद्यावर टाकलेले बोलणे.  हायकोर्टच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर बोलायचे कुणी? प्रभावती गडग्यापलीकडे उभी होती. सव्वीस वर्षे ऐकलेले मीटर-मीटर तिला आता कळले, आणि तिने पदर तोंडाला लावला.

"कितले सरकयलात?" अंकिताने विचारले.

"उदेंतेक. अकरा मीटर चाळीस."

"काका, सव्वीस वर्सां जालीं. इतलें बारीक कशें याद आसा?"

"दर वर्सा तिका सांगतंय," सगुण म्हणाला आणि घुमटीकडे हात केला.

अंकिता उठली. कागदावर दगडाची जी जागा लिहिली होती ती तिने यंत्रात घातली आणि यंत्र दाखवील तशी चालू लागली. अकरा मीटर, आठ मीटर, तीन मीटर. घुमटीच्या दारात तिने चपला काढल्या. पुढे यंत्र आत जा म्हणत होते. आत सातेरी, आणि वर घुमटीचे छप्पर. छपराखाली उपग्रह दिसत नाहीत. रोयणीवर काठी टेकवायची तर तिचाही हात धजेना. डिचोलीची असली तरी पोरगी सातेरीचीच होती. ती दोन पावले मागे आली आणि उघड्यावर काठी रोवली.

"पळयात काका. हांवूय थंय बसूंक शकना," ती म्हणाली. "खऱ्या जाग्यार देवूळ आसत, झाड आसत, जाल्यार लागीं दुसरो जागो घेवपाचो आनी मदलें अंतर बरोवपाचें. आमच्या पुस्तकांत ताका नांव आसा. एक्सेंट्रिक स्टेशन. मध्याच्या भायलें ठिकाण. तुमी केलें तें चुकीचें न्हय. तुमी बरोवंक ना, तें चुकीचें."

बरोवप म्हणजे लिहिणे. सव्वीस वर्षे ज्याला सगुण पाप म्हणत आला होता, त्याला पुस्तकात नाव होते. सगुण तिथेच घुमटीच्या पायरीवर बसला. त्याने डायरीत शब्द लिहायला घेतला. काठीतला बुडबुडा कधी हलला नाही तो माणूस, त्याला एक ओळ सरळ लिहिता येईना. शेवटी अंकितानेच ती लिहून दिली. अहवालात तिने काय लिहिले तेही वाचून दाखवले: मूळ दगड ठरलेल्या जागेपासून पूर्वेला अकरा मीटर त्रेचाळीस सेंटीमीटर, बसवतेवेळीच सरकवलेला, नंतर कुणी हलवलेला नाही, माहिती देणार सगुण पोळजी, चेनमन, निवृत्त. दगड ऑफिसच्याच माणसाने बसवला होता, म्हणजे चूक कागदाची, आणि सरकायचे ते कागदाने. वत्सलाची चूल चुलीच्या जागी राहिली.

"चाळीस," सगुण म्हणाला.

"यंत्र त्रेचाळीस म्हण्टा, काका."

"तीन सेंटीमीटर मल्टिपाथ."

अंकिता हसली, गडग्यापलीकडची माणसे हसली, आणि मग हसता हसता वत्सला रडायला लागली. निवलेला चहा तिने परत ऊन करून आणला आणि सगुणच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली. तो निमूटपणे प्यायला.

वाड्याने त्याला माफ केले की नाही हे सांगणे कठीण, कारण माफ करण्याआधी वाडा नाव ठेवतो. त्या दिवसापासून तो अकरा चाळीस झाला. अकरा चाळीस आले, अकरा चाळीस उंडे घेऊन गेले. तंट्यांना बोलावणे बंद होईल असे त्याला वाटले होते, पण महिन्याभरात दोन भावांनी पुन्हा बोलावले. थोरला म्हणाला, "सगुण काका, शीम दाखयात. मात तुमचे अकरा चाळीस पयलीच धरून सांगा." शीम म्हणजे सीमा. सगुणने पावले टाकली आणि दगडावर हात ठेवला, पण ते जुने वाक्य काही बोलला नाही. नुसते म्हणाला, "हो दगड कोणी बसयलो ता पयली इचारा." तंटा तरीही संपला.

पुढच्या माघात जत्रा आली. प्रभावतीने घरचा नारळ ठेवला. सगुणने आपला वेगळा नारळ घेतला, घुमटीत गेला, नारळ रोयणीपुढे ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. मागे रांग वाढत होती. त्याचे ओठ हलेनात.

"आज देवीक मापूक नाय?" प्रभावतीने मागून हळूच विचारले.

"नाय," सगुण म्हणाला. "आता कागदार बरयल्यानी."